हवेची कयाक सारखी ढिली पडतेय? पॅच मारण्याआधी हे तपासा

उजनी धरणाच्या पाण्यावर किंवा हिप्परग्याच्या तलावात हवेची कयाक, म्हणजे हवा भरून फुगवायची वल्ह्याची छोटी नाव, नेणाऱ्यांची एकच तक्रार माझ्याकडे परत परत येते: हवा टिकत नाही. कयाक माझ्या अंगणात येते तेव्हा बहुतेकदा तिच्यावर एखादा पॅच आधीच चिकटवलेला असतो, आणि तो नको त्या जागी असतो. भोक असतंच असं नाही. सोलापूरचं ऊन, काठावरची माती आणि व्हॉल्व्हची पिन, निम्म्याहून जास्त वेळा गुन्हेगार या तिघांतलाच निघतो. म्हणून खालचा क्रम फुकटातल्या तपासणीपासून सुरू होतो आणि गोंदाच्या नळीपर्यंत शेवटी पोचतो. क्रम मोडू नका. पीव्हीसीवर, म्हणजे कयाकच्या प्लॅस्टिकच्या कापडावर, एकदा गोंद लागला की चुकीच्या जागचा तो थर खरवडून काढणं हे पंक्चर काढण्यापेक्षा जास्त किचकट काम आहे.

आधी लक्षणं

तुमची कयाक यातलं नेमकं काय करते ते बघा.

- काठावर दगडासारखी टणक, पाण्यात गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांत मऊ. पण त्यानंतर दिवसभर तेवढीच मऊ राहते.
- पंपाची नळी काढताक्षणी फुस्स करून सगळी हवा जाते.
- रिकामी ठेवली तर टिकते, माणूस आणि सामान चढलं की हळूहळू उतरते.
- एकच बाजू बसते, कयाक एका अंगाला कलते.
- रात्री तंबूशेजारी भरलेली ठेवली, पहाटे हाताला ढिली लागते.
- मधला तळ वाकतो आणि बसल्याजागी खड्डा पडतो.
- एका कप्प्यात हवा भरताना दुसराही फुगतो.

शेवटचं लक्षण असेल तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका, थेट ‘इथं थांबा’ या भागाकडे जा. बाकीच्यांनी इथून सुरुवात करावी.

पंप आणि पिन

पहिली तपासणी कयाकची नाही, पंपाची. नळीच्या टोकाला रबरी वायसर असतो. तो निघून पडला किंवा चिरला की हवा आत कमी आणि बाहेर जास्त जाते, आणि आपण समजतो कयाक भरतच नाही. नळीचं तोंड अंगठ्यानं दाबून पंप मारा. दट्ट्या अडला पाहिजे. अडत नसेल तर दोष तिथंच आहे.

पंपावरच्या काट्याबद्दलही गैरसमज आहे. व्हॉल्व्ह एकतर्फी असेल तर पंप मारतानाच काटा हलतो आणि हात थांबला की शून्यावर येतो. म्हणजे हवा गेली असं नाही. कप्प्यातला दाब बघायचा तर काटा दट्ट्या खाली जाताना वाचायचा.

मग पिन. तळाला आणि हल्ली बऱ्याच कयाकच्या बाजूंनाही स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो, मधोमध दाबता येणारी पिन असलेला. पिन दाबून थोडी फिरवली की ती खालीच अडकते आणि व्हॉल्व्ह उघडा राहतो. ही सोय हवा सोडण्यासाठी आहे. भरताना पिन वर हवी. नळी काढताच फुस्स होणाऱ्या कयाकचं दुखणं बहुतेकदा एवढंच असतं. पॅकिंग करताना पिन खाली ठेवलेली असते, पुढच्या वेळी कुणाच्या लक्षात येत नाही.

ऊन

यावर थोडं जास्त लिहितो, कारण सोलापुरात याच्याइतका फसवणारा दुसरा दोष नाही.

बंद जागेतली हवा गार झाली की तिचा दाब उतरतो, तापली की चढतो. एप्रिलमध्ये दुपारी चाळीस अंशांत, गाडीजवळच्या तापलेल्या जमिनीवर तुम्ही बाजूचे कप्पे ३ पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) भरले. पाण्यात उतरल्यावर तीच हवा २६-२७ अंशांपर्यंत गार झाली, तर दाब उतरून सव्वादोनच्या आसपास येतो. एक बुडबुडाही बाहेर न जाता जवळपास पाव भाग दाब गेला! हाताला हा फरक चांगलाच जाणवतो. म्हणून पाण्यात ठेवून दहा मिनिटं थांबायचं, कयाकवर दोन्ही बाजूंनी पाणी मारायचं आणि मग पंपाचे उरलेले हात मारायचे. त्यानंतर ती तशीच टणक राहिली तर ती गळत नाहीये.

उलटा प्रकार जास्त महागात पडतो. पहाटे वीस अंशांत ३ पीएसआय भरलेली कयाक दुपारी जेवायला काठावर ओढून ठेवली आणि आतली हवा पन्नास अंशांवर गेली, तर हिशोबानं दाब पावणेपाचच्या घरात जातो. कापड ताणलं जातं म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी भरतो, पण शिवणीवर ताण यायचा तो येतोच. गडद रंगाच्या कयाकला हे लवकर होतं. पाण्याबाहेर काढली की प्रत्येक कप्प्यातली थोडी हवा सोडायची, सावली असेल तर सावलीत ठेवायची. बाभळीच्या सावलीत मात्र नाही, तिथं काटे असतात.

पहाटे तंबूशेजारी ढिली लागणाऱ्या कयाकचंही हेच. रात्री पारा पंधरा-वीस अंशांनी उतरतो. ऊन चढल्यावर ती आपोआप टणक झाली तर गळती नाही. तशीच लोळत राहिली तर पुढं वाचा.

नवीन कयाक पहिल्या काही वेळा कापड ताणल्यामुळंही जराशी सैल पडते. तेवढ्यावरून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

व्हॉल्व्हमधली माती

उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे वापरायचा साठा संपून मृतसाठाच उरला, की पाणी मागं सरकतं. धरणाच्या एकूण ११७ टीएमसीपैकी जवळपास ६४ टीएमसी हा मृतसाठाच आहे, त्यामुळं मायनसमध्ये गेली तरी कयाकला पुरून उरेल एवढं पाणी असतं. फक्त काठ आणि पाणी यांच्यामध्ये गाळाचा मोठा पट्टा उघडा पडतो. करमाळ्याच्या बाजूला हा गाळ तुडवतच पाण्यापर्यंत जावं लागतं. चिखलाच्या हातानं आपण टोपी उघडतो आणि पंप लावतो. काळ्या मातीचा एक कण व्हॉल्व्हच्या रबरी पडद्याखाली बसला की तो पडदा पूर्ण मिटत नाही. हवा इतकी हळू जाते की कान लावूनही आवाज येत नाही.

तपासणी सोपी आहे. कप्पा टणक भरा, टोपी उघडी ठेवा, व्हॉल्व्हच्या खळग्यात भांडी घासायच्या लिक्विडचं पातळ पाणी ओता. मधून बुडबुडे आले तर पडदा किंवा पिन गळतेय. कडेनं आले तर व्हॉल्व्ह आणि कापड यांच्यातला सांधा गळतोय. हा फरक नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर ठरतं.

मधून येत असतील तर हवा सोडा आणि व्हॉल्व्ह साध्या पाण्यानं धुवा. जुन्या मऊ टूथब्रशनं पडद्याची कड साफ करा, शेवाळाचा बुळबुळीत थर असेल तर तोही. स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असेल तर पिन दहा-बारा वेळा दाबून सोडा, पंपानं जोरात हवा मारून कण उडवा. रबर कडक झालंय म्हणून खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावणारे पुष्कळ भेटतात. लावू नका. तेलावर माती आणखी चिकटते आणि पेट्रोलियमनं काही जातींचं रबर फुगतं. लावायचंच तर सिलिकॉन ग्रीस, तेही बोटावर मावेल एवढंच.

टोपी हा नुसता धुळीचा बंदोबस्त नाही. दोन तुकड्यांच्या, स्क्रूच्या व्हॉल्व्हमध्ये शेवटची हवा टोपीच धरून ठेवते. तिच्या आतली रबरी चकती हरवली असेल तर ती आधी बसवा.

कडेनं बुडबुडे येत असतील आणि व्हॉल्व्ह स्क्रूनं बसवलेला असेल, तर तो थोडा सैल झालेला असतो. भार चढला की हवा जाते आणि रिकामी असताना टिकते, त्याचं नेहमीचं कारण हे: बसल्यावर कापड मुडपतं आणि सैल सांधा उघडतो. यासाठी प्लॅस्टिकचा पाना मिळतो, कित्येक कयाकबरोबर तो येतोही. पूर्ण हवा सोडून, कापडाच्या मागून हातानं व्हॉल्व्हचा मागचा भाग घट्ट धरून, पाव फेरा आवळा. मागचा भाग न धरता आवळलं तर अख्खा व्हॉल्व्ह फिरतो आणि आतलं कापड पिळलं जातं. पकडीनं तर अजिबात नाही, प्लॅस्टिक चिरतं.

कोणता कप्पा, हे एका रात्रीत कळतं

व्हॉल्व्ह स्वच्छ आणि घट्ट, तरी हवा जातेय? आता कप्पे वेगळे करून बघायचे. कयाक घरात, पंख्याखाली किंवा जिन्याखाली, जिथं तापमान फार बदलत नाही अशा जागी ठेवा. गच्चीवर नाही. सगळे कप्पे ठरलेल्या दाबानं भरा आणि प्रत्येकाभोवती शिंप्याच्या टेपनं घेर मोजून त्यावरच लिहून ठेवा. सकाळी पुन्हा मोजा. सगळे सारखेच किंचित कमी झाले असतील तर ते तापमान. एकच कप्पा उतरला असेल तर चोर सापडला, बाकीच्यांना हात लावायची गरज नाही.

ही रात्र वाचवण्याच्या नादात लोक अख्ख्या कयाकला साबण लावत बसतात आणि तासाभरानं कंटाळून ‘इथंच असेल’ म्हणून पॅच मारतात.

भोक शोधणं

बाहेरून रेक्झिनसारखं कव्हर आणि आत हवा धरणारी वेगळी पिशवी, म्हणजे ब्लॅडर, अशी बनावट असेल, तर चेन उघडून ब्लॅडर बाहेर काढा. आत कसा घातलेला होता त्याचा फोटो आधी काढून ठेवा. नाहीतर परत घालताना पीळ पडतो आणि पिळाच्या जागीच पुढचं पंक्चर होतं. ब्लॅडर थोडाच फुगवा, जास्त फुगवला तर कव्हरच्या आधाराशिवाय तो फाटू शकतो. मग सायकलच्या ट्यूबसारखा हौदात तुकड्या-तुकड्यानं दाबून बघा. एकाच जाड कापडाची कयाक असेल तर ती हौदात मावत नाही, तिला स्पंजनं साबणाचं पाणी लावत जायचं. सुरुवात शिवणीपासून, मग तळ, मग घडीच्या रेषा.

भोक सापडलं की बॉलपेननं त्याभोवती गोल करा आणि शोध चालूच ठेवा. काट्यानं केलेलं भोक एकटं नसतं.

आपल्याकडची भोकं कुठून येतात तेही सांगतो. काठावर वेडी बाभूळ माजलेली असते, तिचे वाळलेले काटे गाळात दिसत नाहीत. सराटे चपलेच्या तळव्याला लागून कयाकच्या आत येतात आणि आपणच त्यांच्यावर बसतो. मासेमारीच्या जागी चिलापीचे वाळलेले काटे, शिंपल्यांच्या कडा आणि तुटके गळ पडलेले असतात. पाणी उतरल्यावर बुडालेल्या गावांच्या भिंती आणि विहिरींचे कठडे पाण्याखाली जेमतेम हातभर राहतात, तिथं तळ घासतो. घरी माळ्यावर ठेवलेल्या कयाकला उंदीर लागतात, तेही घडीच्या कोपऱ्यातच.

कयाक उघडायच्या जागी जुनी सोलापुरी चादर अंथरली तर यातले निम्मे काटे तिथंच अडतात. वजन वाढतं हे खरं, पण ती गाडीतच ठेवून द्यायची.

पॅच

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन रबरी ट्यूबसाठी असतं. पीव्हीसीवर ते धरल्यासारखं वाटतं आणि पाण्यात सुटतं. फेविक्विकसारखा झटपट गोंद वाळून काचेसारखा कडक होतो. कापड मुडपलं की तडकतो. पीव्हीसीला पीव्हीसीचाच गोंद आणि पीव्हीसीचाच तुकडा लागतो. ब्लॅडर टीपीयूचा (हे वेगळ्या जातीचं लवचिक प्लॅस्टिक) असेल तर त्यासाठीचा पॅच वेगळा असतो, कयाकच्या माहितीपत्रकात कापड कोणतं ते लिहिलेलं असतं.

हवा पूर्ण काढा. जागा साबणानं धुऊन पूर्ण वाळवा. साबणाचा अंश राहिला तर गोंद धरत नाही, आणि तुम्ही आत्ताच तिथं साबण लावलाय. मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपाइल अल्कोहोल फडक्यावर घेऊन पुसा. पीव्हीसी असेल तर बारीक पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवा, चकाकी जाण्यापुरताच. पॅच गोल कापा, कोपरे ठेवू नका, कारण कोपऱ्यापासूनच तो उचकटतो. भोकाच्या चारही बाजूंना तीन-चार सेंटिमीटर पॅच हवा. गोंदाचा पातळ थर दोन्हीकडे, वाळू द्या, दुसरा थर, बोटाला चिकटेल पण बोटाबरोबर येणार नाही इतका सुकला की पॅच मधून कडेकडे दाबत बसवा. लाटण्यानं दाबला तरी चालतो. वर वजन ठेवून चोवीस तास हात लावायचा नाही.

हे सगळं सकाळी सावलीत करा. मे महिन्यातल्या दुपारी गोंद लावता-लावताच वाळतो आणि पॅच बसवायला वेळच मिळत नाही. पावसाळी दमट हवेत कापडावर ओलावा धरतो आणि तोच थर मध्ये राहतो. खिडक्या उघड्या हव्यात, या गोंदाचा वास डोक्यात जातो. गॅसजवळ तर मुळीच नाही, तो पेट घेतो.

मुक्कामाला जाताना

हलकं सामान नेणाऱ्यांचा कल दुरुस्तीचं सामान घरी ठेवण्याकडे असतो. मी सांगेन, दुसरी चादर ठेवा घरी. लागतं ते पाव किलोच्या आत बसतं: दोन-तीन कापून ठेवलेले पॅच, गोंदाची छोटी न उघडलेली नळी, अल्कोहोलचे पुसणे, पॉलिश पेपरचा तुकडा, व्हॉल्व्हचा पाना, टोपीची जादा चकती आणि टीपीयूची चिकटपट्टी. एकदा उघडलेली गोंदाची नळी पुढच्या सहलीपर्यंत बहुतेक वाळलेली असते, तिच्या भरवशावर जाऊ नका. चिकटपट्टी फक्त कोरड्या आणि स्वच्छ कापडावर धरते, आणि ती घरी पोचण्यापुरती आहे, पॅच नव्हे. पंप गाडीत नाही, कयाकमध्ये पाहिजे.

सामान भरताना स्टोव्ह, तंबूच्या खुंट्या, चाकू या टोकदार वस्तू कपड्यात गुंडाळून पिशवीच्या मधोमध. पुष्कळ भोकं आतून होतात. मधला तळ वाकून खड्डा पडत असेल तर आधी तळाचा दाब बघा. आत हजारो धाग्यांनी दोन थर बांधलेला ड्रॉप-स्टिचचा तळ बाजूंपेक्षा बराच जास्त दाब मागतो, बहुतेक ६ ते १० पीएसआय. आपल्या कयाकचा आकडा व्हॉल्व्हजवळ छापलेला असतो. तो भरायला हातपंपाला खरंच घाम निघतो, म्हणून माणसं अर्ध्यात सोडतात. पण दम लागला म्हणून पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची नळी लावू नका. तो गाडीच्या टायरसाठी आहे, कयाकच्या आतले पडदे तो क्षणात फाडतो.

इथं थांबा

पुढच्या गोष्टी घरी करायच्या नाहीत.

एक कप्पा भरताना दुसरा फुगला, म्हणजे मधला पडदा फाटलाय. आता एक भोक पडलं तर दोन्ही कप्पे बसणार. वेगवेगळे कप्पे असण्याचा मुद्दाच संपला, ती कयाक पाण्यात नेऊ नका.

ड्रॉप-स्टिच तळावर गळूसारखा फुगवटा आला तर आतले धागे तुटलेत. त्यात हवा भरत राहिलात तर फुगवटा वाढतच जातो. याला पॅच नाही.

शिवण उसवलीय, व्हॉल्व्हच्या चकतीचं वेल्डिंग सुटलंय, फाट बोटाच्या पेरापेक्षा लांब आहे किंवा शिवणीला लागून आहे: ही कामं आतून-बाहेरून पॅच आणि गरम हवेच्या यंत्राची आहेत. ताडपत्रीवाल्याकडे तसं यंत्र असतं, पण ताडपत्रीला हवा धरायची नसते. त्याच्याकडे कव्हर शिवून घ्या, कप्पा देऊ नका. एकाच जागी दुसऱ्यांदा पॅच सुटला तरी थांबा, तिसरा मारू नका.

आणि पाण्यावर असताना. बाजूच्या कप्प्यात दर अर्ध्या तासाला हवा भरावी लागत असेल तर सहल संपली. जवळच्या काठाला लागा, समोरच्या नाही. उजनी रुंद आहे, आणि एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वळवाचा वारा कधी सुटेल सांगता येत नाही. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी या नेहमीच्या वाटेवर वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण गेले. अर्धी हवा असलेली कयाक वाऱ्यात वल्ह्याला दाद देत नाही, आडवी वाहत जाते. लाइफ जॅकेट अंगावर हवं, पाठीमागं बांधलेलं नको. काठाला लागल्यावर मासेमारी करणाऱ्यांना हाक मारा. वारा कधी फिरणार हे त्यांना आपल्या मोबाइलपेक्षा बरं कळतं.

दुरुस्तीसाठी राफ्ट किंवा रबरी बचाव बोटी दुरुस्त करणारा माणूस शोधा. कोलाडला राफ्टिंग चालवणाऱ्यांकडे विचारलं तर पत्ता मिळतो. कुरिअर करण्याआधी कयाक धुऊन पूर्ण वाळवा, पिना खाली ठेवून सगळी हवा काढा, गळतीच्या जागेभोवती मार्करनं गोल करा आणि आधी कोणता गोंद लावला होता ते चिठ्ठीवर लिहून आत टाका. जुना गोंद काढायला कोणतं द्रावण लागेल ते त्यावर ठरतं. पाना, टोप्या आणि पंपाचं टोकही सोबत पाठवा, त्यांच्याकडे तुमच्या व्हॉल्व्हला बसणारं टोक असेलच असं नाही.